मालकाच्या जखमेचा धनी कोण?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात बांधकाम कंपनीच्या पदाधिकाऱ्याकडे तिचे किमान १० टक्के शेअर असतील, तर त्याला कामगार नुकसानभरपाई कायद्यातून स्वतःपुरते बाहेर पडता येते. अर्ज करायचा, ५० डॉलर शुल्क भरायचे, की दोन वर्षांची सूट मिळते. एका कंपनीत अशी सूट फार तर तिघांना. पण सूट घेतलेला माणूस परांचीवरून पडला, तर त्या कायद्याखाली त्याला ना औषधपाण्याचा खर्च मिळतो, ना बुडालेले वेतन. छोट्या धंद्याची सोय म्हणून ही तरतूद मांडली जाते. मला ती एका गंभीर प्रश्नाची जागा वाटते : स्वतःची सुरक्षितता नाकारण्याचा अधिकार माणसाला नेमका कशामुळे मिळतो?

कामगार नुकसानभरपाई हा मुळात एक सौदा आहे. इजा झाली की चूक कोणाची हे न विचारता मालकाने उपचारांचा खर्च आणि वेतनाचा ठरावीक वाटा द्यायचा. बदल्यात कामगाराने मालकावर दावा लावण्याचा हक्क सोडायचा. हा सौदा सुखासुखी झाला नाही. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने सक्तीच्या भरपाईचा कायदा घटनाबाह्य ठरवला, तो २४ मार्च १९११ रोजी. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरात ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ जीव गेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. अखेर १९१३ साली राज्यघटनाच दुरुस्त करून या कायद्याचा मार्ग मोकळा करावा लागला.

या सौद्याच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस उभा असेल तर? कंपनी त्याची, हातोडाही त्याचाच. तो दावा लावणार तो स्वतःवरच. म्हणून सारे शेअर एक-दोन पदाधिकाऱ्यांकडेच असतील आणि दुसरा कामगार नसेल, तर न्यूयॉर्क त्यांच्यावर या भरपाईसाठीच्या विम्याची सक्ती करत नाही. इथवर तर्क चोख आहे.

पण कंपनी आणि माणूस वेगळे, हे तत्त्वही कायद्यानेच घालून दिले आहे. न्यूझीलंडच्या जेफ्री ली यांच्या कंपनीचे ३,००० पैकी २,९९९ शेअर त्यांच्याच नावावर होते. संचालक तेच आणि शेतांवर विमानातून खत टाकणारे मुख्य वैमानिकही तेच. १९५६ साली काम करतानाच विमान कोसळून ते गेले. त्यांच्या पत्नीने कामगाराची विधवा म्हणून भरपाई मागितली. स्वतःलाच हुकूम देणारा माणूस कामगार कसा, असे म्हणत न्यूझीलंडच्या अपील न्यायालयाने ती नाकारली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला : नोकरी देणारी कंपनी होती, ती करणारा ली होता. १९९७ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही एपेक्स इंजिनियरिंगच्या खटल्यात, वेतन घेणारा व्यवस्थापकीय संचालक कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली कर्मचारी ठरू शकतो, असे मान्य केले.

ली खटल्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, न्यायालयाच्या दारात मालक नव्हता, त्याची पत्नी होती. अपघाताची भरपाई एकट्या जखमी माणसाची कधीच नसते. तिच्यावर घरभाडे चालते, मुलांच्या शाळा चालतात. सूट मागणाऱ्या अर्जावर सही मात्र एकट्याची असते.

आणि ती सही खरोखर कोणाची? विम्याचा हप्ता वेतनावर आणि कामाच्या धोक्यावर ठरतो. कार्यालयातल्या कारकुनापेक्षा छपरावर चढणाऱ्यासाठी तो कितीतरी जास्त. म्हणजे सूट घेण्याचा मोह तिथेच सर्वाधिक, जिथे पडून मरण्याची शक्यता सर्वाधिक. अशा ठिकाणी कामगाराला कागदोपत्री पदाधिकारी करून टाकणे ठेकेदाराच्या फायद्याचे ठरते. शेअरची अट ते रोखण्यासाठीच आहे. पण ही रेषा सरकती असते. कॅलिफोर्नियाने २०१७ पासून किमान १५ टक्के मालकी आणि खोटे लिहिल्यास शपथभंगाची जबाबदारी घेणारी लेखी सही मागितली. पुढच्याच वर्षी ती मर्यादा १० टक्क्यांवर आली. टक्केवारी मोजायला सोपी, म्हणून कायदा ती मोजतो. खरी मालकी वेगळ्या गोष्टींत असते : नफ्यात वाटा आहे का, कंपनीच्या खात्यावर सही चालते का, आणि पावसात छपरावर चढायला हा माणूस नाही म्हणू शकतो का. ज्याला नाही म्हणता येत नाही, तो कितीही शेअर बाळगो, तो मजूरच आहे.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. कमी धोक्याच्या कामात मालकाला सूट असू द्यावी. जिवावरच्या कामात ती नसावी. याची वाट कॅलिफोर्नियाच्याच परवाना-नियमांत दिसते : छपराचे काम करणाऱ्या ठेकेदाराला हाताखाली एकही कामगार नसला तरी विमा दाखवावा लागतो, आणि २०२३ पासून काँक्रीट, झाडतोडणी, ॲस्बेस्टॉस काढणे अशी कामेही त्यात आली. जिथे सूट ठेवायची, तिथे अर्जावर जोडीदाराचीही सही हवी. कारण सोडला जाणारा हक्क तिचा किंवा त्याचाही आहे. हप्ता महाग आहे हे खरे. पण तो टाळला म्हणून अपघाताची किंमत नाहीशी होत नाही. ती रुग्णालयाच्या थकलेल्या बिलात जाते, सरकारी मदतीत जाते आणि उरलेली कुटुंबावर पडते. एक शतकापूर्वी कायद्याने ठरवले होते की ही किंमत ज्या धंद्यातून उद्भवते त्या धंद्यानेच सोसावी. शेअरचा कागद हातात आला म्हणून हा न्याय बदलू नये.