मला माहीत होतं

काही वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा मित्र आमचा मॅनेजर झाला. चार वर्षं आम्ही एकाच टीममध्ये कोड लिहिला होता, हिंजवडीच्या ट्रॅफिकला एकत्र शिव्या घातल्या होत्या, अप्रेझलची पत्रं एकमेकांना दाखवली होती. आता माझं रेटिंग तो देणार होता. त्या जागेसाठी माझंही नाव चर्चेत होतं. हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्याच महिन्यात त्यानं क्लायंटला रिलीजची तारीख दिली. ती पाळणं अशक्य होतं. एका जुन्या डेटाबेसचं मायग्रेशन त्यानं हिशेबात धरलंच नव्हतं. त्यात किती दिवस जातात हे टीममध्ये फक्त मला ठाऊक होतं. मीटिंगमध्ये त्यानं विचारलं, "कुणाला काही अडचण?" मी गप्प बसलो. तारखा ठरवणं हे मॅनेजरचं काम, अशी मनाची समजूत घातली.

तारीख चुकली. तिघांचे दोन शनिवार-रविवार ऑफिसात गेले. एकीला भावाच्या साखरपुड्याला जाता आलं नाही. आमच्या दोघांच्या प्रकरणाशी तिचा काहीच संबंध नव्हता.

मी खोटं बोललो का? अश्वत्थाम्याबद्दल युधिष्ठिर निदान अर्धं तरी खरं बोलला होता. मी तर तोंडच उघडलं नाही.

मॅनेजर म्हणजेच भांडणाचं मूळ, असं आम्हा इंजिनियरांना वाटत असतं. २००२मध्ये गूगलनं इंजिनियरिंग मॅनेजरांची पदंच काढून पाहिली होती. मग खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या कुरबुरींपर्यंत सगळं घेऊन लोक थेट लॅरी पेजकडे जाऊ लागले. काही महिन्यांतच तो प्रयोग गुंडाळावा लागला. म्हणजे पद नसलं तरी माणसांमधलं जे असतं ते उरतंच.

रेटिंग ज्याच्या हातात आहे त्याच्यासमोर बोलायला भीती वाटते, हे खरं आहे. म्हणून बोलणं सोपं करण्याची पहिली जबाबदारी मॅनेजरचीच, असं मी आजही मानतो. पण त्या दिवशी मी घाबरलो नव्हतो. मला तो पडायला हवा होता. भीतीनं गप्प बसलेला माणूस आणि मत्सरानं गप्प बसलेला माणूस बाहेरून अगदी सारखेच दिसतात. नव्या मॅनेजरला कितीही ट्रेनिंग दिलं तरी त्याला हा फरक ओळखता येणार नाही. तो फक्त गप्प बसणाऱ्यालाच कळतो, आणि तो तपासण्याचं काम दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

महिन्याभरानं मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ लॅपटॉपकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुला एकट्याला विचारायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण विचारलं तर तू म्हणशील, याला काही येत नाही आणि मॅनेजर झाला."

म्हणजे गप्प दोघंही होतो.

आमची मैत्री पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. पत्रं आता दाखवली जात नाहीत, चहाही बहुतेक वेळा वेगवेगळा होतो. पण तारीख देण्याआधी तो माझ्या टेबलाशी येतो आणि विचारतो, "यात माझं काय राहिलंय?" उत्तर देण्याआधी मी क्षणभर थांबतो. तो क्षण अजून पूर्ण स्वच्छ नसतो, पण मी उत्तर देतो.