वादासकट जपायचे खंड

1870च्या सप्टेंबरमध्ये स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ ब्रिटिश आरमाराचे ‘कॅप्टन’ हे नवेकोरे जहाज मध्यरात्रीनंतरच्या वादळात उलटले. पावणेपाचशेच्या आसपास माणसे गेली. ज्याच्या हट्टातून ते जहाज उभे राहिले, तो कूपर कोल्सही त्यांत होता. फिरत्या बुरुजांतल्या जड तोफांसाठी जहाजाची कड बुटकी ठेवलेली होती आणि तरीही वर पूर्ण उंचीच्या डोलकाठ्या नि शिडे होती. आराखड्यात डेक पाण्यापासून आठ फूट वर होता. बांधताना वजन वाढत गेले आणि ती उंची साडेसहा फुटांच्या आसपास आली.

ही हकिगत पाठ्यपुस्तकांत स्थैर्याच्या प्रकरणात एका परिच्छेदात उरकलेली असते. पण लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ नेव्हल आर्किटेक्ट्सच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’चा 1868चा खंड उघडला की अंगावर काटा येतो. बुटक्या कडेच्या जहाजांवर शिडे चढवली तर त्यांचा तोल कितपत टिकेल, याच प्रश्नावर आरमाराचा मुख्य आरेखक एडवर्ड रीड याचा निबंध त्यात आहे. म्हणजे दुर्घटनेच्या दोन वर्षे आधी धोका छापून आलेला होता. आणखी मागे, 1861च्या खंडात, कललेल्या जहाजाचे स्थैर्य मोजण्याची बार्न्स या आरेखकाची नवी रीत सापडते. 1870च्या उन्हाळ्यात ‘कॅप्टन’ला मुद्दाम कलवून मोजमापे घेतली गेली. हिशोब असे सांगत होता की जेमतेम 21 अंश कलल्यावर जहाजाची सावरण्याची ताकद ओसरू लागते. तो हिशोब पुरा होऊन त्यावर कोणी काही करण्याआधीच जहाज गेले.

जुनी तांत्रिक नियतकालिके जमवण्याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे. काय खरे ठरले ते पुस्तकातून कळते. ते खरे ठरण्याआधी कोणाला काय दिसत होते आणि कोणी कोणाचे ऐकले नाही, हे मात्र तारखेनिशी फक्त नियतकालिकात राहते. 1860 साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने एक फार मोलाची प्रथा पाळली. निबंध संपला की त्यावरची चर्चाही छापायची, कोण उठून काय बोलले त्यासकट.

‘कॅप्टन’ बुडाले त्याच 1870 सालच्या खंडातल्या चर्चेत विल्यम फ्रूड या अभियंत्याचा प्रस्ताव आहे. छोट्या प्रतिकृती पाण्यातून ओढायच्या आणि त्यावरून मोठ्या जहाजाला होणारा विरोध काढायचा, असे तो म्हणत होता. जॉन स्कॉट रसेल उभा राहिला. असले प्रयोग करणाऱ्याला आनंद देतील, प्रत्यक्ष कामाला मात्र उपयोगी पडणार नाहीत, असा त्याचा सूर होता. रसेल हा कोणी ऐरागैरा नव्हता, ‘ग्रेट ईस्टर्न’ त्याच्याच गोदीत बांधले गेले होते. पण जहाजाचा आकार लाटेच्या वक्ररेषेवर बेतावा हा त्याचा सिद्धान्त होता. फ्रूडने आधीच ‘स्वान’ आणि ‘रेव्हन’ अशा दोन तऱ्हांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या होत्या. त्यांतली टोकदार ‘रेव्हन’ रसेलच्या मताला जवळची होती, आणि वेग वाढला की बोथट ‘स्वान’ तिच्यावर मात करत होती. हे ठाऊक असले की रसेलच्या बोलण्यामागे काय पणाला लागले होते ते उमगते. पुढे आरमाराने दोन हजार पौंड दिले, टॉर्कीला प्रतिकृती ओढण्यासाठी फ्रूडचा टँक झाला. ‘ग्रेहाउंड’ हे खरे जहाज समुद्रात ओढून घेतलेली मापे प्रतिकृतीच्या मापांशी जुळली आणि 1874 साली तेही त्याच खंडमालेत छापले गेले. आज जगभर जहाजांच्या प्रतिकृती टँकमध्ये ओढल्या जातात. रसेल चुकला हे सगळ्यांना माहीत आहे. एवढा जाणकार माणूस कोणत्या युक्तिवादाने चुकला, हे मात्र चर्चेची पाने वाचल्याशिवाय कळत नाही, आणि मला तेच अधिक शिकवणारे वाटते.

म्हणूनच संग्राहकांच्या बाजाराशी माझे पटत नाही. ‘शिपबिल्डर’चा 1911चा ‘ऑलिंपिक’ आणि ‘टायटॅनिक’वरचा विशेषांक मिळवण्यासाठी झुंबड उडते. त्याच नियतकालिकाचे मालवाहू जहाजांवरचे साधे अंक रद्दीत जातात. घडीचे मोठे तक्ते कापून, चौकटीत घालून विकणारे तर खंडाचा जीवच काढून घेतात. ग्रंथालयांनीही कमी नुकसान केलेले नाही. अंक बांधून घेताना वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत सर्रास होती. बॉयलर, पंप, साखळ्या यांच्या त्या जाहिरातींतच, कोणता कारखाना काय बनवत होता आणि कशाला बाजार होता, याचा पुरावा असतो.

सगळे आता पडद्यावर मिळते, मग कागद कशाला, असे विचारले जाते. शोधायला स्कॅन उत्तमच, मीही तेच वापरतो. पण घाईने झालेल्या स्कॅनमध्ये तक्ता पुष्कळदा घडी न उलगडताच टिपलेला असतो. जिथे जहाजाच्या रेषा हव्यात तिथे दुमडलेल्या कागदाची पाठ दिसते. एका तक्त्याअभावी पंधरा पानांचा निबंध लुळा पडतो. कागद सांभाळणे सोपे आहे असे नाही. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही टपलेल्या असतात, घड्यांवर कागद चिरतो. खंड हवेशीर ठेवावे लागतात, तक्ते वारंवार उघडू नयेत, आणि फाटले तर चिकटपट्टी लावू नये. तिचे डाग सहसा जात नाहीत.

या साऱ्याशी आपला संबंध दूरचा नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेले सागवानी ‘ट्रिंकोमाली’ 1817चे, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. त्याच घराण्यातले जहांगीर नौरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी 1838 साली नौकाबांधणी शिकायला इंग्लंडला गेले आणि तिथल्या वास्तव्याचे पुस्तक त्यांनी 1841 साली छापले.

पण किनाऱ्यावरच्या सुतारांचे काय? पत्तेमारी बांधणाऱ्यांचा आराखडा हातात आणि नजरेत होता, कागदावर तो क्वचितच उतरला. श्रीलंकेतल्या ट्रिंकोमाली बंदराच्या आरमारी गोदीत काम केलेल्या जॉन एडाय याने मलबार, कोरोमंडल आणि सिंहलच्या किनाऱ्यांवरच्या देशी नौकांची वर्णने आणि आकृत्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिल्या, 1834च्या अगदी पहिल्या खंडात. त्यांत पत्तेमारीही आहे. परक्याने, परक्या वाचकांसाठी काढलेल्या त्या आकृत्या आहेत, आणि बांधणाऱ्याचे नाव त्यांत कुठेच नाही. तरीही ती नौका नेमकी कशी होती हे पाहायचे तर या आकृत्यांपाशी जावेच लागते. त्या खंडातून त्या आकृत्या गळाल्या, की उरलेल्या वर्णनावरून ती नौका पुन्हा उभी करणे फार कठीण जाईल.