आपण हसतो कुणाला?

दादा कोंडके १४ मार्च १९९८ ला गेले. बातमी कळली तेव्हा पारावर बसलेली माणसं आधी गप्प झाली. मग कुणीतरी 'सोंगाड्या'तल्या नाम्याची चाल करून दाखवली आन् सगळे हसले. हसता हसता एका म्हाताऱ्यानं उपरण्यानं डोळे पुसले. मयताची बातमी आणि हसणं आमच्याकडं एका जागी बसत नाही. पण त्या दिवशी कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

दादांचं नाव निघालं की शिकलेली माणसं अश्लील की चावट, इथंच अडकतात. हा वाद सेन्सॉरशी झाला, पेपरात झाला, घराघरात झाला. तो वाद खोटा नाही. पण मला त्याच्या आधीचा एक प्रश्न मोठा वाटतो. आपण हसत होतो ते कुणाला?

'सोंगाड्या' आला १९७१ साली. दादरच्या कोहिनूर थेटरात तो लागेना, तेव्हा बाळासाहेब ठाकऱ्यांची शिवसेना मधे पडली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले आणि गिनीज बुकात नाव गेलं. या सगळ्याच्या मुळाशी माणूस कोण, तर आईच्या धाकातला, ढगळ्या चड्डीचा, नाडी लोंबणारा एक भोळा खेडवळ. शहाण्या जगात ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही असा. 'एकटा जीव सदाशिव'मध्ये तर खेड्यात वाढलेलं पोरगं शहरातल्या श्रीमंत घरात जाऊन पडतं, आणि त्याचं उठणं-बसणं, खाणं-बोलणं सगळंच तिथं हसण्यावारी जातं.

आता बघा, खेडवळाला हसणं ही काही नवी गोष्ट नव्हती. आमच्या बापजाद्यांना त्याची सवयच होती. कांदा विकून पुण्याला गेलेला माणूस धोतर-मुंडाशात कापडाच्या दुकानात शिरला, की गादीवरचा गडी गालात हसायचा. ते हसू माणसाला पायरीवरच उभं करायचं. मग पडद्यावर तसल्याच माणसाला हसताना आम्हाला राग का नाही आला?

कारण जत्रेतल्या तंबूत ज्याच्यावर विनोद चालला होता, तोच मातीत मांडी घालून पुढं बसला होता. आणि तोच सगळ्यात मोठ्यानं हसत होता. भोळा गडी सिनेमाभर फसायचा, पण शेवटी उघडा पडायचा तो पाटील, सावकार नाहीतर शहरी शहाणा. दादा स्वतः नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढले, मूळ भोरकडचे. 'अपना बाजार'मध्ये नोकरी केली, बँडमध्ये वाजवलं, वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधून नावारूपाला आले. त्यांनी खेडूत लांबून पाहिला नव्हता. त्यांनी नाडी लोंबती ठेवली ती स्वतःची.

म्हणून मी एक माप धरलंय. ज्याच्यावर विनोद केला, त्याला शेजारी बसवून तोच विनोद सांगता आला पाहिजे, आणि त्यालाही मनापासून हसू आलं पाहिजे. नुसतं तोंड वासणं नव्हे.

या मापानं दादाही सगळीकडं पास होत नाहीत. तंबूत दोरीच्या पलीकडं बायाही पदर तोंडाला लावून खुदुखुदु हसायच्या, ही गोष्ट खरी. पण पुढच्या पुढच्या चित्रपटांत बाईच्या अंगावरचे विनोद वाढत गेले, तशा काही बाया उठून गेल्या हेही तितकंच खरं. आवडत्या माणसाची आठवण काढायची म्हणून हे झाकून ठेवायचं काही कारण नाही. माप एकच पाहिजे.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हंजे आमचं चाकण. कांद्याच्या वखारी होत्या तिथं आता गाड्यांचे कारखाने, आणि शेताच्या बांधावर भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. त्या खोल्यांत बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशातली पोरं राहतात, मराठवाड्यातलीही राहतात. परवा टपरीवर आमचीच दोन-चार पोरं एका परप्रांती पोराच्या बोलण्याची नक्कल करत होती. तोही हसत होता. पण ते हसू मी ओळखलं. गादीसमोर उभे असताना आमची माणसं तसंच हसायची. खोली यांची, भाडं यांना द्यायचं, मग हसल्याशिवाय तो जातो कुठं?

कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, गंमत आहे. असेल. पण गंमत दोन्हीकडून चालते. त्या पोरानं आमच्या पोरांची, गुंठ्याच्या पैशातून घेतलेल्या गाडीची आणि गळ्यातल्या साखळीची नक्कल केली असती, तर ती खपली असती का? ज्या दिवशी खपेल, त्या दिवशी ती गंमत म्हणायची. तोवर ती दांडगाई.

दादांचे चित्रपट आजही मोबाईलवर बघितले जातात, हीच पोरं बघतात आणि पोट धरून हसतात. हसावंच. हसवणाऱ्याचं ऋण हसूनच फिटतं. फक्त त्या पडद्यावरचा भोळा खेडवळ आपल्याच घरातला आजा होता एवढं ध्यानात ठेवावं. नव्या गावात पोटासाठी आलेला, भाषा न येणारा, कपड्यांवरून ओळखू येणारा तो माणूस आज आपल्याच खोलीत भाड्यानं राहतोय.