पहिली गाडी, पहिली ओढ



कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटला १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळालं. त्या काळी नंबर लावला की गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणूनच दारात गाडी आली की हार, नारळ, पेढे आणि पहिली फेरी देवळापर्यंत!

आमच्या घरातली पहिली गाडीही पद्मिनीच. थंडीत चोक ओढायचा आणि इंजिन धरेपर्यंत धीर धरायचा. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पुढची सीट सलग. गणपती पाहायला निघालो की शेजारची मुलंही यायची, त्यांत मला आवडणारी एक मुलगीही असायची. मी पुढे खिडकीशी बसायचो आणि दाराची छोटी तिकोनी काच अशी वळवायचो, की वारा मागे तिच्यापर्यंत जावा. बोलणं फारसं झालंच नाही. पुढे तिचं लग्न झालं, गाडीही विकली गेली.

पण आपल्याआधी दुसऱ्याला बरं वाटावं, ही इच्छा मनात पहिल्यांदा जागी झाली ती तेव्हाच. सोळा-सतराव्या वर्षीचं प्रेम टिकतंच असं नाही. पण ते माणसाला जपायला शिकवून जातं.

म्हणून घरातलं पोर आज आरशासमोर जरा जास्त रेंगाळलं, तर त्याची थट्टा करू नका, रागावूही नका. जवळ बसवून विश्वासानं बोला. ज्या घरात मन मोकळं करता येतं, त्या घराचा मुलांना आयुष्यभर आधार वाटतो.