तहान कुणाच्या जिवावर?

आज एका जुन्या कॉम्प्युटर गेमपाशी सावकाश बसायचं आहे. तो जिंकण्याची घाई नाही. त्यातला एक प्रश्न हाती घ्यायचा आणि तो आपल्या रोजच्या जगण्याला विचारून बघायचा, एवढंच. घरातली कामं आटोपली असतील, फोन बाजूला ठेवता येत असेल, तर पुढं वाचा. नसेल तर रात्री वाचा. वाचताना जिथं थांबा म्हटलं आहे तिथं खरोखरच थांबा.

गेमचं नाव 'ब्लडनेट'. मायक्रोप्रोज या अमेरिकी कंपनीनं तो १९९३ मध्ये डॉसवर चालणाऱ्या कॉम्प्युटरसाठी काढला. त्याच वर्षी 'मिस्ट' आणि 'डूम' आले आणि सगळ्या जगाचं लक्ष त्यांनी ओढून घेतलं. 'ब्लडनेट' मागं पडला. त्यातली लढाई किचकट आहे, वाचायला मजकूर भरपूर आहे आणि पुढं कुठं जायचं हे कुणी बोट धरून सांगत नाही. आज तो 'गॉग' या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर मिळतो आणि जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या 'डॉसबॉक्स'च्या आधारानं आताच्या लॅपटॉपवरही चालतो. कर्जतच्या पावसाळ्यात, बाहेर उल्हास नदी दुथडी भरून वाहत असताना, मी तो पुन्हा काढला. तेव्हापासून त्यातला प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

कथा अशी. साल २०९४, गाव मॅनहॅटन. रॅन्सम स्टार्क हा पैसे घेऊन कुणाचीही कामं करणारा, कॉम्प्युटरच्या जाळ्यात शिरण्यात पटाईत माणूस. त्या जाळ्यात तो इतका वावरला की खरं जग कुठलं आणि जाळ्यातलं कुठलं हे त्याला कळेनासं झालं. त्याला ताळ्यावर ठेवायला डोक्यात एक चिप बसवली आहे. अशा या स्टार्कला व्हॅन हेलसिंग चावतो. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला'मध्ये व्हॅन हेलसिंग पिशाच्चांची शिकार करणारा होता. इथं तो स्वतःच पिशाच्च झाला आहे. स्टार्कच्या अंगात ते विष भिनू लागतं, पण डोक्यातली चिप त्याला अडवते. स्टार्क पुरता पिशाच्च होत नाही आणि पूर्वीचा माणूसही उरत नाही.

तिथून पुढं गेम त्याच्या दोन गोष्टी मोजत राहतो. एक त्याची रक्ताची तहान, दुसरी त्याची माणुसकी. मनन करायचं ते या दोन आकड्यांवर.

तहान

आधी तहानेकडे बघू. स्टार्कनं काही वावगं केलं नाही तरी त्याची तहान वाढते. नुसता वेळ गेला तरी वाढते. ती वाढली म्हणून गेम त्याला दोष देत नाही. भागवली नाही तर तो स्वतःवरचा ताबा गमावणार, एवढंच सांगतो. दुष्टाला तहान आणि सज्जनाला नाही, अशी सोपी वाटणी इथं नाही.

आता स्वतःकडे या. तुम्हाला सध्या कशाची तहान आहे? पाण्याची आणि भाकरीची सोडून द्या. कुणाला गारव्याची असेल, कुणाला वेगाची, कुणाला शाबासकीची, कुणाला शहरापासून लांब, डोंगराच्या कुशीत दुसऱ्या घराची. कर्जत आणि खालापूरच्या रस्त्यांवर या शेवटच्या तहानेच्या जाहिराती जागोजाग उभ्या आहेत. तुमची जी असेल ती मनात आणा. तिला नावं ठेवू नका आणि तिची बाजूही मांडू नका. ती आहे, एवढं कबूल करा.

इथं थांबा. श्वास नेहमीसारखा चालू द्या.

कुणाच्या जिवावर

आता दुसरा आकडा. स्टार्कला तहान भागवायची तर कुणाला तरी चावावं लागतं, आणि कुणाला ते खेळणाऱ्यानं ठरवायचं असतं. निरपराध माणसाला चावलं तर तहान शमते, पण माणुसकी घसरते. ती संपली की खेळ संपला. रक्त प्यायल्याची शिक्षा गेम देत नाही. ते कुणाचं प्यायलं याचा हिशेब मात्र चोख ठेवतो. समोरचा माणूस म्हणजे निव्वळ रक्त नाही. त्याला काहीतरी ठाऊक आहे, त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. तहान फार वाढली की खेळणाऱ्याला नेमकं हेच दिसेनासं होतं.

हा प्रश्न घेऊन आपण खोपोलीला जाऊ. घाटाच्या अंगावरून खाली उतरणारे मोठे पाइप गावातून दिसतात. वर लोणावळ्याच्या बाजूला वळवण, लोणावळा आणि शिरवटा ही धरणांची तळी आहेत. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस तिथं साठतो आणि पाइपांतून सुमारे ५०० मीटर खाली येऊन जनित्रं फिरवतो. टाटांचं हे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं. मुंबईची तहान मोठी होती आणि ती डोंगरानं भागवली. तारा मुंबईकडे गेल्या. ज्यांच्या डोक्यावरून त्या गेल्या त्या वाड्यांत दिवा लागायला पुढं कितीतरी वर्षं लागली.

यात दोषी शोधायला बसू नका. खोपोलीत जनित्रं फिरवून झालेलं पाणी पाताळगंगेत उतरतं आणि भिवपुरीचं उल्हास नदीत. या दोन्ही नद्या उन्हाळ्यात वाहत्या राहतात त्या या पाण्यामुळे, आणि काठची कित्येक गावं नि शहरं त्यावर जगतात. घेणाऱ्यानं घेतलं आणि त्यातून देणंही झालं. तरी प्रश्न शिल्लक राहतो. १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. वीज हवी की नको एवढ्यापुरतं त्यांचं भांडण नव्हतं. जमीन कुणाची जाणार आणि ते ठरवताना त्याला कुणी विचारलं का, हे त्यांना विचारायचं होतं. धरण झालंच. प्रश्नाचं वय शंभरावर गेलं आहे.

आणखी जवळ येऊ. एक वीट हातात घेतली आहे असं समजा. पावसाळा सरला, भातकापणी आटोपली की कर्जत-खालापूरच्या वाड्यांतली अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. त्याआधी, हातात पैसा नसण्याच्या दिवसांत, मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला सगळं घर भट्टीवर राबतं. कुणी चिखल मळतं, कुणी साच्यात थापून वीट पाडतं, कुणी कच्च्या विटा उलटून उन्हाला लावतं. लहान मूलही विटांच्या रांगांमधून वावरत असतं, कारण आईबाप तिथं आहेत, आणि गावातली शाळा मागं राहिलेली असते. हंगाम संपताना हिशेब होतो. कधी उचल फिटते, कधी पुढच्या सालावर जाते. ती वीट मग कुणाच्या तरी घराच्या भिंतीत बसते.

मघाशी मनात आणलेली स्वतःची तहान आता पुन्हा समोर घ्या. ती भागते तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण असतं? एकच माणूस डोळ्यांपुढं आणा. त्याचा चेहरा दिसतो का? नाव ठाऊक आहे का? त्याला त्याचं पुरेपूर मिळतं का?

इथं जास्त वेळ थांबा.

डोक्यातली चिप

मला या गेमची सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट पुढं आहे. अशा कथांमध्ये यंत्र बहुधा माणसाला पोखरतं. माइक पॉन्डस्मिथच्या १९८८ सालच्या 'सायबरपंक' या टेबलावर खेळायच्या खेळात अंगात बसवलेल्या प्रत्येक यंत्रागणिक माणुसकीचे गुण कमी होतात. १९९१ च्या 'व्हॅम्पायर : द मॅस्करेड'मध्येही पात्राची माणुसकी आकड्यांत मोजली जाते. 'ब्लडनेट'नं या दोन्ही वाटा एकत्र आणल्या आणि पारडं फिरवलं. इथं यंत्र माणूसपण खात नाही, ते राखतं. स्टार्क अजून माणूस आहे तो त्याच्या मनोबलामुळे नाही. बाहेरून बसवलेली एक छोटी गोष्ट विषाच्या आड उभी आहे म्हणून आहे. तिनं रोग बरा होत नाही, पण वेळ मिळतो, आणि त्या वेळात तो उपाय शोधत हिंडतो.

हे मला फार खरं वाटतं. 'मी मनाशी ठरवलं आहे' यावर आपण भलता भरवसा टाकतो. तहान चढली की मन तहानेचीच वकिली करू लागतं. तेव्हा मनाच्या बाहेरचा बांध लागतो. खालापूर तालुक्यातच महडचा वरदविनायक आहे. संकष्टीला तिथं येणाऱ्या कितीतरी जणांचा उपवास असतो आणि तो चंद्रोदयानंतर सुटतो. चंद्र कधी उगवायचा हे भुकेच्या हाती नसतं. भूक नाकारलेली नाही, तिला वेळ नेमून दिली आहे. स्टार्कची चिप त्याच जातीची आहे.

तुमच्याकडे असा कोणता बांध आहे? कुणाला दिलेला शब्द असेल, खर्चाची वही असेल, तोंडावर 'पुरे' म्हणणारी घरातली मोठी बहीण असेल. एकही आठवत नसेल तर घाबरू नका. पण नाही, हे लक्षात ठेवा.

उत्तर माहीत असताना

लहानपणी आपण सगळ्यांनी विक्रम आणि वेताळाच्या गोष्टी ऐकल्या. वेताळ राजाला गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो आणि बजावतो की उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. 'ब्लडनेट'चा स्टार्क आणि आपला विक्रम मला एकाच वाटेवरचे वाटतात. दोघांच्याही मानगुटीवर पिशाच्च आहे, दोघांनाही ते झटकून टाकता येत नाही आणि दोघांचीही परीक्षा न्यायाची आहे. अज्ञानाला वेताळ शिक्षा देत नाही. जाणूनबुजून गप्प बसण्याला देतो.

मघाचा माणूस तुम्हाला दिसला असेल तर उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. मनन तिथं संपतं आणि वागणं सुरू होतं. एकच तहान निवडा आणि एकच गोष्ट करा. घर बांधत असाल तर विटा घेण्याआधी भट्टीवर जा आणि तिथली मुलं शाळेत जातात का, हे मालकाला विचारा. फार्महाऊससाठी जमीन बघत असाल तर ती आधी कोण कसत होतं आणि त्याला काय मिळालं, हे व्यवहाराच्या आधी विचारा. घरी कामाला येणाऱ्या बाईंची सुट्टी ठरलेली नसेल तर आजच ठरवा. आणि सवड झाली की 'ब्लडनेट' जरूर खेळा. तहान वाढेल, वाढू द्या. चावण्याआधी समोरच्याचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या.