अनुभव, पुरावा आणि तीन तास

गंभीर दुखापत झालेल्या रुग्णावर उपचार करताना डॉक्टरजवळ वेळ थोडा असतो आणि माहितीही अपुरी असते. त्यामुळे शरीरातील बिघाडाचे स्वरूप पाहून तर्काने जो उपचार योग्य वाटेल तो तत्काळ करावा, ही या शाखेची दीर्घकाळ चालत आलेली रीत होती. रुग्ण बरा झाला तर श्रेय उपचाराला मिळे आणि दगावला तर दोष दुखापतीच्या तीव्रतेकडे जाई, म्हणजे उपचार चुकीचा असला तरी तो तसा ठरण्याची सोयच या पद्धतीत नव्हती.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉइड देण्याची प्रथा हे याचे ठळक उदाहरण होय. मार लागल्यावर मेंदूला सूज येते, स्टेरॉइडने सूज उतरते, तेव्हा स्टेरॉइडने रुग्ण वाचावा, हा तर्क इतका सरळ होता की सुमारे तीस वर्षे जगभर अनेक रुग्णालयांत ही औषधे दिली जात राहिली. ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तो प्रथमच मोठ्या प्रमाणावर कसोटीला लागला. कोणत्या रुग्णाला खरे औषध द्यायचे आणि कोणाला प्लासिबो, म्हणजे औषधासारखे दिसणारे पण गुणहीन द्रव्य, हे या चाचणीत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगावर सोपवलेले होते, त्यामुळे दोन्ही गटांत उपचाराखेरीज दुसरा मोठा फरक उरत नव्हता. 10,008 रुग्णांनंतर, 2004 मध्ये, ती मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी 21.1 टक्के आणि न मिळालेल्यांपैकी 17.9 टक्के रुग्ण दगावले होते. शंभरांत तिघांचा हा फरक कोणत्याही एका डॉक्टरच्या नजरेला, त्याचा अनुभव कितीही दांडगा असला तरी, दिसणे शक्य नव्हते; तो केवळ मोजणीलाच दिसू शकत होता.

त्याच संशोधकगटाची पुढची चाचणी रक्तस्रावाविषयी होती. जखमेतील रक्त गोठल्यावर ती गुठळी विरघळवण्याची प्रक्रियाही शरीरात सुरू होते आणि मोठ्या दुखापतीत ती प्रमाणाबाहेर वाढू शकते. तिला आवर घालणारे ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड हे स्वस्त औषध जपानमधील उताको आणि शोसुके ओकामोतो या संशोधक दांपत्याने 1960 च्या दशकात शोधले होते. 40 देशांतील 274 रुग्णालयांतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश-2’मध्ये, ज्यात भारतीय रुग्णालयांचाही सहभाग होता, मृत्यूचे प्रमाण 16.0 वरून 14.5 टक्क्यांवर आले.

तथापि खरा बोध पुढच्या विश्लेषणातून झाला. दुखापतीनंतर पहिल्या तासात औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू 7.7 वरून 5.3 टक्क्यांवर उतरले, एक ते तीन तासांच्या टप्प्यातही लाभ टिकला, पण तीन तास उलटल्यावर तेच औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण 3.1 ऐवजी 4.4 टक्के आढळले. औषध तेच आणि मात्राही तीच असताना केवळ उशिराने हिताचे अहित होऊ शकते, याचा अर्थ येथे वेळ हा उपचाराचाच एक घटक आहे.

अशा संशोधनावर नैतिक आक्षेप येतो तो संमतीचा. शुद्ध हरपलेला माणूस प्रयोगाला होकार देऊ शकत नाही, आणि नातेवाइकांची वाट पाहावी तर औषधाची वेळ टळते. म्हणून कडक देखरेखीखाली आधी उपचार आणि नंतर संमती, अशी तडजोड काही ठिकाणी मान्य केली जाते. ही तडजोड अस्वस्थ करणारी आहे खरी, परंतु स्टेरॉइडच्या तीस वर्षांतही, ज्याची परीक्षा झालेली नाही असा उपचार रुग्णांवर चाललाच होता. फरक इतकाच, की त्याचा हिशेब कोणी ठेवत नव्हता.

मोजणीलाही मर्यादा आहेत, कारण ती जे विचारते तेवढेच सांगते. जिवंत की मृत, एवढीच नोंद केली तर वाचलेल्याला पुन्हा कामावर जाता येते का, त्याला रात्री झोप लागते का, हे प्रश्न बाहेरच राहतात. ग्लासगो येथील ब्रायन जेनेट आणि मायकल बाँड यांनी 1975 मध्ये मांडलेल्या श्रेणीने मृत्यूपासून चांगल्या पुनर्प्राप्तीपर्यंत पाच पायऱ्या ठरवल्या. आणि अपघाताच्या आठवणींनी दीर्घकाळ छळणाऱ्या आघातोत्तर तणावविकाराला 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत स्थान मिळाल्याने मनाची दुखापतही नोंदीच्या कक्षेत आली.

या संशोधनाचा शेवटचा निष्कर्ष रुग्णालयाबाहेर पोहोचतो. पहिल्या तीन तासांना एवढे मोल असेल तर त्यांतला बराच काळ रस्त्यावर जातो, आणि तेथे निर्णय घेतो तो डॉक्टर नव्हे, तर पोलीस आणि कोर्टकचेरीच्या लचांडाला भिऊन काढता पाय घेणारा किंवा न भिता पुढे होणारा वाटसरू. मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये कायद्याचे बळ दिले, तेव्हा तो निर्णय न्यायाचा असला तरी परिणामाच्या दृष्टीने वैद्यकीयही होता. आणि जखमींच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला यापुढे औषधांइतकीच या वाटेचीही मोजदाद करावी लागेल.