घराची मालकी

चैत्र सरत आला आणि मेहरूणच्या तलावाचे पाणी काठापासून मागे हटू लागले, की आमच्या जुन्या धाब्याच्या घराच्या दुरुस्तीचा विषय निघतो. आणि आखाजीसाठी शेतावरून आलेले मुलांचे आजी-आजोबा, कोणी सोपविली नसतानाही, त्या कामाची सूत्रे सहज हाती घेतात. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खाऱ्या मातीचा थर चढलाच पाहिजे, हा आजोबांचा हुकूम; त्याआधी भिंती सारवून व्हाव्यात, हा आजीचा आग्रह.

यंदा कुजलेली कडी बदलताना नातवाने विचारले, "आजोबा, सगळ्या कड्या नि सगळी माती बदलली, तर घर तेच राहील का?"

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला रथाविषयी असाच पेच घातला आहे: चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजेही नव्हे; रथ हे त्या अवयवांच्या समुदायाला व्यवहारापुरते दिलेले नाव. हा ग्रंथ आजोबांनी वाचलेला नाही. ते इतकेच म्हणाले, "माझ्या बापानं सांभाळायला दिलं, मी तुझ्या बापाला दिलं. माझं ते कधी नव्हतंच रे."

सरकारी दफ्तरात फेरफार होऊन मालकाचे नाव बदलते. परंतु वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे आखाजीला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरताना ज्याला आपण केवळ वहिवाटदार आहोत याचे स्मरण होते, त्याचीच दुरुस्ती धर्मकार्य ठरते, असे मला वाटते.